पायाखालचा भरवसा

घरातल्या बऱ्याच वस्तू बिघडण्याआधी कुरकुर करतात. दाराची बिजागरी करकरू लागते, विहिरीवरच्या पंपाचा आवाज बदलतो, कौल सरकले की पहिल्या पावसातच भिंतीवर ओल उमटते. गृहस्थाने सावध होण्यास तेवढी सूचना पुरते. मात्र काही वस्तूंच्या स्वभावात ही कुरकुर नाही. त्या मुकाट्याने काम करीत राहतात आणि मुकाट्यानेच दुबळ्या होत जातात. मोटारीच्या ब्रेकमधला द्रव हा अशांपैकी एक. पाय ठेवला की गाडी थांबते. काल थांबली, आज थांबली, म्हणून उद्याही थांबेल, असा हिशेब आपण नकळत मनाशी मांडलेला असतो. सपाट रस्त्यावर हा हिशेब सहसा चुकत नाही. चुकला तर तो घाटात चुकतो, आणि तेथे तो सुधारण्यास सवड मिळत नाही.

आमच्या वसईत आता कितीतरी अंगणांत चारचाकी उभी दिसते. रविवारी दुपारी ती धुतली जाते, काचा पुसल्या जातात, टायरमधली हवा पाहिली जाते. इंजिनच्या ऑइलची पट्टी उपसून पाहणारेही पुष्कळ आहेत. परंतु बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूला मागे जी दुधी रंगाची लहानशी टाकी दिसते, तिच्या झाकणावर काय लिहिले आहे हे वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आम्हीही तिच्या अंगावरील वरच्या आणि खालच्या रेघांमध्ये पातळी आहे ना, एवढेच पाहून बॉनेट लावीत असू. गाडी गॅरेजात गेली की पुढचे काम मेस्तरी करीत असे, आणि त्यात कधी उणे पडले नाही.

त्या टाकीतल्या द्रवाला आपल्याकडे सारेच ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. नाव रूढ आहे, म्हणून आम्हीही तेच वापरू. परंतु तो पदार्थ तेलाच्या जातीचा नाही. नेहमीच्या मोटारींत वापरला जाणारा हा द्रव ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांचा असतो, आणि पाण्याशी त्याचे सख्य फार. पावसाळ्यात मिठाची बरणी नीट बंद नसली तर मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. हवेतली ओल मीठ ओढून घेते. ब्रेक ऑइलही तसेच वागते. टाकीच्या झाकणातून आणि चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या अंगातूनदेखील ओल त्यात हळूहळू मुरत राहते. मीठ भिजलेले डोळ्यांना दिसते. ऑइलात मुरलेले पाणी मात्र दिसत नाही. आमच्यासारख्या समुद्राकाठच्या, चार महिने ओल्याचिंब राहणाऱ्या मुलखात त्याला मुरण्यास निमित्तही भरपूर.

आता थोड्याशा पाण्याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर उकळबिंदूत आहे. ‘डॉट ३’ प्रकारचे कोरे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये आणि ‘डॉट ४’ प्रकारचे २३० अंशांपर्यंत, असे त्याचे मानक आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर उतरते. म्हणजे शंभर भागांत चार भागही पाणी नाही, आणि ताकद मात्र पासष्ट-पंचाहत्तर अंशांनी घटली.

ऑइल उकळले तर ब्रेक का लागत नाही, हे समजण्यासाठी ब्रेकची रचना थोडी पाहावी लागते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल याने मांडला. १६६२ साली तो वारला आणि त्याचा या विषयावरील ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. तत्त्वचिंतक म्हणून त्याचे नाव घेणारे पुष्कळ. आपण रोज त्याच्या नियमावर पाय ठेवून प्रवास करतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. या नियमाचा उपयोग मोटारीत व्हायला पुढे अडीचशेहून अधिक वर्षे जावी लागली. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले गेले, आणि तीच पद्धत पुढे घरोघरच्या मोटारींत आली. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रवाला रेटतो, तो रेटा नळ्यांतून चारही चाकांशी पोचतो आणि तेथले मोठे दट्टे पॅड किंवा लायनर चाकाच्या फिरत्या लोखंडावर आवळतात. द्रव दाबून आकसत नाही, या एकाच गुणावर सारा डोलारा उभा आहे. वायू मात्र आकसतो. नळीत हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा शिरला की आपला पाय चाकाला दाबण्याऐवजी त्या बुडबुड्यालाच दाबू लागतो.

वसईच्या बागायतदाराला हे निराळे सांगावे लागत नाही. फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पंप ‘हवा घेतो’. मोटर फिरते, आवाज होतो, पाटात मात्र थेंब पडत नाही. ब्रेकने हवा घेतली की असेच होते. पेडल खाली जाते, आणि गाडी जायची तशीच पुढे जात राहते.

हा सारा विचार आमच्या घरात एकदम निकडीचा झाला, त्याला कारण आमची थोरली मुलगी. नाशिकच्या एका रुग्णालयात तिला परिचारिकेची नोकरी लागली. काही महिने ती गाडीने, एस. टी. ने ये-जा करीत होती. पाळ्या विचित्र, कधी रात्रपाळी संपवून पहाटे निघावे लागे. शेवटी घरची वॅगन-आर तिने घेऊन जावी असे ठरले. गाडी २०१४ सालची, आमच्या हातची, फार न चाललेली. तिच्या आजीला हा बेत मुळीच पसंत नव्हता. “पोर एकटी घाट उतरणार, आणि तुम्ही दोघं घरात बसून जेवणार होय?” असे तिने आम्हा उभयतांना विचारले. या प्रश्नावर आम्हांला काही उत्तर सुचले नाही.

आजीच्या बोलण्यातला एक शब्द मात्र मनात रुतून बसला: उतरणार. वसईहून भिवंडीमार्गे नाशिकला जाताना कसाऱ्याचा घाट चढावा लागतो. चढणीला कस लागतो तो इंजिनाचा. ब्रेकची खरी परीक्षा परतताना. म्हणजे मुलीचा घरी येण्याचा रस्ता हाच उताराचा रस्ता.

आम्ही कागद घेऊन एक साधा हिशेब मांडला. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन सुमारे १२०० किलो, आणि उतार समजा ३०० मीटर उंचीचा. एवढी उंची उतरताना जी शक्ती मोकळी होते, ती सारी उष्णतेत बदलली तर साध्या तापमानाचे सुमारे ११ लिटर पाणी उकळीला येईल. आंघोळीच्या पाण्याच्या लहान बंबाएवढी ही उष्णता. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर तिच्यातला बराच वाटा इंजिन उचलते. म्हणूनच जुने चालक सांगत असत की ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. जो माणूस पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरतो, तो ही सारी आग पॅड, लायनर आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या ओंजळभर ऑइलाच्या माथी मारतो. ते ऑइल पाणावलेले असेल तर उकळते, वाफ होते, आणि पेडल तळाला टेकते. चमत्कारिक भाग असा की, गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्ववत लागू लागतो. तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही.

गाडीच्या पुस्तिका आम्ही चाळल्या. बऱ्याच उत्पादकांनी ब्रेक ऑइलाला मुदत घालून दिली आहे; ती बहुधा दोन वर्षांची असते. गाडी किती चालली याच्याशी या मुदतीचा संबंध थोडाच. उभ्या गाडीचे ऑइलही ओल पितच असते. आमच्या गाडीची मुदत भरत आली होती. मेस्तरींना बोलवावे हे सरळ होते, आणि आम्ही बोलावलेही. परंतु मुलीने वेगळीच गोष्ट मांडली. “ज्याच्यावर पाय ठेवून घाट उतरायचा, ते एकदा मला माझ्या हाताने बघू द्या,” असे ती म्हणाली. रुग्णाला सलाईन लावण्याआधी नळीतली हवा काढून टाकणारी ती मुलगी. तिला हे काम परके वाटण्याचे कारणच नव्हते.

मेस्तरींनी आधी चारही चाके उघडून लायनर, पॅड, रबरी नळ्या आणि सिलिंडर तपासले. कोठे गळती नाही अशी खात्री केली. मग म्हणाले, “ऑइल तुम्ही बदला, हरकत नाही. पण निपल फिरला नाही तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. मला हाक मारा.” आमच्या गाडीला एबीएस नाही. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना ती यंत्रणा सक्तीची झाली. ती असलेल्या काही गाड्यांत नीट हवा काढण्यास गॅरेजातले उपकरण लागते. तेव्हा घरी काय करावे आणि काय करू नये, याची वेस आधीच आखून घेणे बरे.

आदल्या संध्याकाळी चारही निपलांभोवतीची माती तारेच्या ब्रशने झाडून त्यांच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल थेंबथेंब सोडले. सकाळी गाडी अंगणातल्या सपाट फरशीवर घेतली. मागची बाजू उचलायची तर हँडब्रेकचा आधार जातो, कारण तो मागच्याच चाकांना असतो; म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. जॅकने उचलून तिला घोड्यांवर बसवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नाही.

टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घेतले. मुलीने मोठी सिरिंज आणली होती, सुई नसलेली. तिने टाकीतले जुने ऑइल ओढून घेतले आणि आम्ही नव्या, सीलबंद बाटलीतले ओतले. झाकणावर जो प्रकार लिहिला आहे, त्याच प्रकारचे. नवे ऑइल फिकट पिवळे होते, जुने कोऱ्या चहासारखे. तथापि रंगावर फार विसंबू नये. स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलातही पाणी असू शकते.

मग कामे वाटून घेतली. मुलगी पेडलवर. आमच्यातील एक चाकाशी, पाना आणि पारदर्शक नळी घेऊन. दुसरा टाकीशी, पातळी खालच्या रेघेपाशी येण्याआधी भर घालण्यासाठी. कारण टाकी एकदा रिकामी झाली की मास्टर सिलिंडर हवा घेतो आणि केलेले सारे काम वाया जाते. पेडलखाली आंब्याच्या लाकडाचा एक ठोकळा ठेवला. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबले तर मास्टर सिलिंडरचे रबर एरव्ही न वापरल्या जाणाऱ्या गंजट भागावर घासून कापले जाऊ शकते, म्हणून ही खबरदारी.

चाकांचा क्रम पुस्तिकेत पाहावा. सर्वसाधारण रीत अशी की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा ते बहुधा मागचे डावे. आमचेही तेच आले, आणि नेमका तोच निपल अडला.

रिंग पाना लावून हलका जोर दिला, निपल ढिम्म. आणखी थोडा दिला, तरी नाही. समुद्राची हवा लोखंडाला काय करते हे येथल्या खिडक्यांचे गज सांगतातच. हा निपल पोकळ असतो आणि जोर अधिक झाला तर मोडतो. मग सिलिंडरच बदलावा लागतो. ओट्यावरून आजी सारे पाहत होती. “मेस्तरीला बोलवा रे,” ती म्हणाली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मुलीला निघायचे होते. पुन्हा थेंबभर तेल सोडले, लहान हातोडीने निपलाच्या डोक्यावर चार हलके ठोके दिले आणि पाना खाली ठेवून चहा घेतला. यानंतरही तो न हलला तर काम थांबवायचे, असे तिघांनी ठरवून टाकले. अर्ध्या तासाने पुन्हा पाना लावला, तेव्हा बारीकसा आवाज करून तो सुटला.

निपलावर नळी चढवली. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलात बुडवले, म्हणजे हवा उलटी शिरायला नको.

“दाब.”

“दाबले.”

“धरून ठेव.”

“धरलेय, पप्पा.”

निपल पाव फेरा सैल केला. नळीतून तपकिरी धार आली, तिच्यात दोन बारीक बुडबुडे. निपल आवळला.

“सोड.”

“सोडले.”

इतकेच शब्द, पुन्हा पुन्हा. चाकाशी बसलेल्याला पेडल दिसत नाही आणि पेडलवर बसलेल्याला चाक दिसत नाही. निपल उघडा असताना पाय वर आला तर नळीतली हवा आत ओढली जाईल. म्हणून एकाने सांगावे आणि दुसऱ्याने तेच उच्चारून पोच द्यावी, अशी ही पद्धत. आमच्या घरात गेली दोन-तीन वर्षे बोलणे कमी झाले होते. भांडण नव्हते, मुलगी मोठी झाली होती आणि तिच्या जगातले सारेच आम्हांला कळेनासे झाले होते. त्या सकाळी दोन तास आम्ही तिघे एकमेकांचा शब्द न् शब्द लक्ष देऊन ऐकत होतो. शब्द फार साधे होते, पण एकही निसटता कामा नये असा होता.

मागचे डावे झाले, उजवे झाले. मग गाडी मागे टेकवून, हँडब्रेक ओढून आणि मागच्या चाकांना दगड लावून पुढची दोन्ही चाके केली. प्रत्येक ठिकाणी धार फिकट होऊन बुडबुडे थांबेपर्यंत. जवळपास पाऊण लिटर नवे ऑइल लागले. एके ठिकाणी दोन थेंब रंगावर पडले ते लगेच पाण्याने धुतले, कारण हा द्रव रंग खातो; त्वचेला आणि डोळ्यांना तर लागूच देऊ नये.

बाटलीत थोडे नवे ऑइल उरले. “झाकण लावून ठेवा, पुढच्या वर्षाला होईल,” आजी म्हणाली. काटकसरीत आयुष्य काढलेल्या माणसाचा हा सल्ला. परंतु उघडलेली बाटलीही ओल पितेच, आणि दोन वर्षांनी ती भरवशाची राहत नाही. उरलेले आणि काढलेले ऑइल आम्ही एका डब्यात भरले, त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहिले, इंजिनच्या जळक्या ऑइलात न मिसळता मेस्तरींकडे दिले. विहिरी आणि बावखले यांच्या गावात ते गटारात ओतणे म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीत ओतणे होय. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर ते कधीच ठेवू नये.

शेवटची तपासणी मुलीनेच केली. इंजिन बंद असताना पेडल दगडासारखे घट्ट लागले. मिनिटभर दाबून धरले, तरी खाली सरकले नाही. इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली गेले, आणि ते तसे जायलाच हवे, कारण तेव्हा पायाला मदत करणारा बूस्टर जागा होतो. निपल कोरडे आहेत, चाकांचे नट आवळले आहेत, हे पुन्हा पाहून तिने गाडी आमच्या आळीत माणसाच्या चालीने नेली आणि थांबवली; मग थोड्या वेगाने नेली आणि थांबवली. मेस्तरींनी एक फेरी स्वतः मारली. “चांगलं झालंय,” एवढेच म्हणाले. ते मितभाषी आहेत.

दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढच्या आठवड्यात परतताना तिने इगतपुरीहून फोन केला आणि आता निघते म्हणाली. त्यानंतर घाट उतरून होईपर्यंतचा वेळ आम्ही ओट्यावर काढला. आजी आत होती, पण जागी होती. आम्हांला ठाऊक होते की समोरून येणारा ट्रक, धुके, वळणावर सांडलेली वाळू, झोप न झालेले डोळे, यांपैकी कशावरही आमचा इलाज नाही. पालकांच्या हातात फार थोडे असते, आणि मुले मोठी होतात तसतसे ते आणखी थोडे होते. मग जे थोडे हातात आहे, ते तरी मुदतीत, नीट आणि स्वच्छ हातांनी करावे, एवढाच शहाणपणा उरतो.

अर्ध्या-पाऊण तासाने कसाऱ्याहून फोन आला. तिसऱ्या गिअरमध्ये आणि काही ठिकाणी दुसऱ्यात उतरले, ब्रेक कमीच लावला, असे तिने सांगितले. गाडीत झाकणाशेजारी तिने औषधाच्या बाटल्यांवर लावतात तशी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर ऑइलाचा प्रकार, ते बदलल्याची तारीख आणि पुढच्या बदलाची तारीख तिच्या अक्षरात आहे. त्या दिवशी घरी येईन, असे तिने आताच सांगून ठेवले आहे.